माफी मागितली, कारण नाही दिलं

जुलै २००८ मध्ये ब्लॅक किड्स या फ्लोरिडातल्या बँडचा पहिला पूर्ण अल्बम आला, 'पार्टी ट्रॉमॅटिक'. पिचफोर्क या संगीत-परीक्षणं छापणाऱ्या अमेरिकन संकेतस्थळाने त्याला दहापैकी ३.३ गुण दिले. आकड्याखाली, जिथे परीक्षण असायला हवं तिथे, दोन पग कुत्र्यांचा फोटो होता. सोबत एकच शब्द, 'सॉरी', आणि पुढे ते तोंड वाकडं केलेलं चिन्ह. संपलं. गायकाबद्दल एक ओळ नाही, ड्रम्सबद्दल नाही, दहा गाण्यांपैकी एकाचंही नाव नाही.

वाईट परीक्षणं मी भरपूर वाचली आहेत आणि त्यातली कित्येक मला मनापासून आवडतात. कडक लिहिणाऱ्याने रेकॉर्ड खरोखर ऐकलेली असते, ते त्याच्या चिडण्यातूनच कळतं. कोणत्या गाण्यात त्याचा विरस झाला, कुठे अपेक्षा वाढली आणि कुठे ती मोडली, याचा माग काढता येतो. मग आपण त्याच्याशी भांडूही शकतो. त्या फोटोशी भांडायचं कसं? इतकी वर्षं झाली, तरी तो विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय यातला अन्याय कळणार नाही. ब्लॅक किड्स ही जॅक्सनव्हिल शहरातली पाच जणांची टोळी. रेजी यंगब्लड गायचा आणि गिटार वाजवायचा, त्याची बहीण अली आणि डॉन वॉटली या दोघी कीबोर्ड सांभाळून मागून गायच्या, ओवेन होम्स बेसवर आणि केव्हिन स्नो ड्रम्सवर. ऑगस्ट २००७ मध्ये ते जॉर्जियातल्या अथेन्सला पॉपफेस्टमध्ये वाजवायला गेले. अथेन्स म्हणजे आर.ई.एम. आणि बी-५२ज या गाजलेल्या बँड्सचं गाव, तिथल्या लोकांचे कान तयार असतात. त्या कार्यक्रमानंतर यांच्याबद्दल बोलणं सुरू झालं. चार गाण्यांची एक ईपी, म्हणजे छोटा अल्बम, त्यांनी स्वतःच बनवून मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवर फुकट ठेवली होती, 'विझर्ड ऑफ आह्ज'. लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी नाही, मोठा स्टुडिओ नाही. आणि दोनेक महिन्यांत पिचफोर्कने त्या ईपीला ८.४ देऊन 'बेस्ट न्यू म्युझिक'चा शिक्का मारला.

तो शिक्का तेव्हा काय वजनाचा होता, हे आज एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना समजावणं अवघड आहे. सप्टेंबर २००४ मध्ये माँट्रियलच्या आर्केड फायर या बँडच्या 'फ्युनरल' अल्बमला ९.७ मिळाले आणि मर्ज या छोट्या लेबलला प्रती पुरवता पुरवता नाकी नऊ आले. २००५ मध्ये क्लॅप युअर हँड्स से ये या बँडने कोणत्याही लेबलशिवाय स्वतःच काढलेल्या अल्बमला ९.० मिळाले आणि ती मुलं घरी बसून पाकिटं भरून सीडी पाठवत होती. म्हणजे दशांश चिन्हानंतरचा एक आकडा पाच माणसांचं पुढचं वर्ष ठरवायचा. नोकरी सोडायची की नाही, व्हॅन घ्यायची की नाही, हे त्यावर ठरायचं.

मी त्या काळात पुण्यात कल्याणीनगरला एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करत होते. अमेरिकेची दुपार ती आमची मध्यरात्र. ब्रेकमध्ये पिचफोर्क उघडून त्या दिवशीची परीक्षणं वाचायची आणि मिळेल ते उतरवून सोनी एरिक्सनच्या वॉकमन फोनमध्ये भरायचं, हा शिरस्ता. पहाटे कंपनीची सुमो एकेकाला घरी सोडत निघायची. पुढे ड्रायव्हरदादांची भजनं चालू असायची, आणि मागच्या आडव्या सीटवर मी कानात ही चार गाणी घालून बसलेली असायचे. बंडगार्डनचा पूल, रिकामा रस्ता, आणि 'हरिकेन जेन'. त्या गाण्यात शुक्रवारच्या रात्री एकट्या पडलेल्या माणसाची जी तगमग आहे, ती अख्खं जग झोपलेलं असताना घरी जाणाऱ्या आम्हा लोकांना फार जवळची वाटायची.

त्या ईपीत काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद तिथेच आहे. ध्वनिमुद्रण खरखरीत. रेजीचा आवाज पुढे येतच नाही, कुठल्या तरी बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून गातोय असं वाटतं. त्या आवाजात द क्युअर या इंग्लिश बँडच्या रॉबर्ट स्मिथची रडवेली लकब आहे, हे तेव्हा सगळ्यांनीच लिहिलं, आणि ते खरंच आहे. पण त्याच्या मागे दोन मुली शाळेच्या मैदानावर ओरडावं तशा ओरडतात, आणि तिथे द क्युअर संपतो. सगळ्यात गाजलेलं गाणं 'आयॅम नॉट गॉना टीच युअर बॉयफ्रेंड हाऊ टू डान्स विथ यू'. इतकं लांब नाव आणि आत शुद्ध मत्सर. पहिल्याच ओळीत रेजी स्वतःला लहानपणीची मुलगी म्हणवून घेतो, लहान मुलगी असल्यापासून तुझी स्वप्नं पाहिली असं तो गातो, आणि त्यावर कसलंही स्पष्टीकरण न देता गाणं पुढे पळतं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न उमटेपर्यंत त्याचे पाय ताल धरू लागलेले असतात. इंडी रॉकच्या, म्हणजे छोट्या स्वतंत्र बँड्सच्या, मंचावर तेव्हा गोऱ्या, लाजऱ्या, बुटांकडे बघत वाजवणाऱ्या मुलांचीच गर्दी असायची. तिथे ही कृष्णवर्णीय भावंडं पुढे उभी राहून 'नाचा' म्हणत होती. मला त्याचं अप्रूप होतं, आजही आहे.

मग सगळं फार भरभर झालं. मोठ्या कंपनीशी करार झाला. निर्माता म्हणून बर्नार्ड बटलर आला, जो आधी स्वेड या इंग्लिश बँडचा गिटारवादक होता. ईपीनंतर एक वर्षही उलटायच्या आत अल्बम तयार. इंग्लंडमध्ये तो विक्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला आणि ते लांब नावाचं गाणं अकराव्या. इतरत्र आलेली बरीचशी परीक्षणंही बरी होती. आणि मग ते दोन पग.

आता खरी गोम. त्या दहा गाण्यांत ईपीवरची चारही गाणी आहेत. चारही. म्हणजे ज्या गाण्यांना ८.४ मिळाले तीच गाणी, शब्द तेच, चाल तीच, गळा तोच, आणि ती अल्बमचा चाळीस टक्के भाग व्यापून बसली आहेत. मग फरक कशात पडला? उरलेली सहा गाणी इतकी वाईट होती? की नव्या मुद्रणाने जुन्या चारांचा जीव घेतला? की गाणी आधीही तितकी मोठी नव्हती आणि ८.४ देताना लिहिणाऱ्यांचा तोल गेला होता? की वर्षभरात या बँडची इतकी चर्चा झाली की तिचा कंटाळा आला? हे चार वेगवेगळे निष्कर्ष आहेत. पहिल्या दोहोंत दोष बँडचा किंवा निर्मात्याचा आहे, पुढच्या दोहोंत समीक्षकाचा. 'सॉरी' म्हणताना यातलं नेमकं कशाबद्दल सॉरी, हे सांगणं भाग होतं. आम्ही तुम्हाला चुकीचा बँड ऐकायला लावला म्हणून वाचकांची माफी? की तुम्हाला उचलून आपटतोय म्हणून बँडची?

माझे वडील सवाई गंधर्वला नेमाने जायचे, आणि शाळेत असल्यापासून मला सोबत न्यायचे. रमणबागेत भारतीय बैठकीत, थंडीत, शालीत गुरफटून. मध्यंतरात चहाच्या रांगेत मी एखाद्या गायकाबद्दल 'आज काही जमलं नाही' असं मोठ्यांसारखं म्हटलं की ते लगेच विचारायचे, 'काय जमलं नाही? सूर हलला? लय सुटली? की राग मांडायलाच वेळ लागला?' उत्तर देता आलं नाही तर म्हणायचे, मग परत ऐक आणि तोवर बोलू नकोस. ते ओरडायचे नाहीत, पण सोडायचेही नाहीत. मत असण्याला त्यांची कधीच ना नव्हती. गाणाऱ्याने रात्रभर घसा ताणलाय तर ऐकणाऱ्याने निदान दोन वाक्यं जुळवावीत, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. मी पुढे जे काही ऐकलं, गिटारचं असो की तंबोऱ्याचं, ते याच शिकवणीवर.

पिचफोर्कला कारणं देता येत नव्हती असंही नाही. २००४ मध्ये त्यांनी ट्रॅव्हिस मॉरिसनच्या 'ट्रॅव्हिस्तान'ला सरळ ०.० दिले होते. मॉरिसन हा वॉशिंग्टनच्या द डिस्मेंबरमेंट प्लॅनचा गायक. त्याच्या बँडच्या १९९९ च्या 'इमर्जन्सी अँड आय'वर याच पिचफोर्कने कौतुकाचा वर्षाव केला होता. बँड फुटल्यावर त्याने एकट्याने काढलेला हा पहिला अल्बम, आणि त्याला शून्य. तो शून्य क्रूर होता. काही दुकानं रेकॉर्ड ठेवायला कचरू लागली, लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. मला आजही तो आकडा चुकीचा वाटतो. पण त्या शून्याखाली परीक्षण होतं. लिहिणाऱ्याने शब्दांवर, चालींवर बोट ठेवून आपलं म्हणणं मांडलं होतं. मी ते वाचून अल्बम परत ऐकला, काही ठिकाणी पटलं, काही ठिकाणी अजिबात नाही. मॉरिसनवर अन्याय झाला असेल, पण त्याला निदान कळलं की समोरच्याला काय खटकलं.

आणि २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेट या बँडच्या 'शाइन ऑन'ला शून्य देऊन परीक्षणाऐवजी एका चिंपांझीचा व्हिडिओ लावला होता, स्वतःच्याच तोंडात लघवी करणाऱ्या. लोक अजूनही तो किस्सा हसत हसत सांगतात. मला तेव्हाही त्यात गंमत वाटली नाही. तरी एक फरक मान्य करते. जेटचा पहिला अल्बम लाखोंनी खपला होता, त्यांची गाणी जाहिरातींत वाजत होती, पिचफोर्कने काहीही म्हटलं तरी त्यांचं बिघडणारं नव्हतं. ब्लॅक किड्सचं तसं नव्हतं. त्यांना ज्या वाचकांनी उचललं ते पिचफोर्कचेच वाचक होते. ज्याने शिडी लावून वर चढवलं त्यानेच ती काढून घेतली, आणि वरून फोटो काढला.

त्यांचा दुसरा अल्बम 'रुकी' २०१७ मध्ये आला. मधे नऊ वर्षं गेली. या नऊ वर्षांना एक परीक्षण जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. बँड थांबतात त्याला पैसे, घर, थकवा, आपसातली कुरबुर अशी शंभर कारणं असतात आणि ती बाहेरच्याला दिसत नाहीत. पण २००८ नंतर त्यांच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन परिच्छेदांत ते पग येतातच. गाण्यांच्या आधी पग येतात. एखाद्या बँडच्या नावाला असं काही कायमचं चिकटवायचं, तर त्यामागे थोडी मेहनत असायला हवी होती.

२०२१ मध्ये पिचफोर्कने पंचविशीच्या निमित्ताने आपले काही जुने गुण बदलले. एकोणीस अल्बम घेतले आणि आज गुण द्यायचे तर किती देऊ, ते लिहिलं. गायिका लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमला दिलेला शून्य सहावर नेला. ज्याने तो शून्य दिला होता त्याने आधीच, २०१९ मध्ये, जाहीरपणे तिची माफी मागितली होती. डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'चे ६.४ चे थेट दहा झाले. उलट इंटरपोलच्या पहिल्या अल्बमचे ९.५ वरून सात झाले. मला हा उपक्रम आवडला, कारण प्रत्येक बदलाखाली चार ओळींचं का होईना, पण कारण होतं. चुकलेलं मत दुरुस्त करता येतं ते त्यामागची कारणं लिहिलेली असतात म्हणून. 'शब्द बालिश आहेत' असं कुणी लिहिलं असेल तर वीस वर्षांनी म्हणता येतं की नाही, त्या बालिशपणातच मजा होती. फोटोत दुरुस्त काय करणार? जानेवारी २०२४ मध्ये तर पिचफोर्क जीक्यू मासिकाच्या छताखाली नेण्यात आलं आणि तिथल्या बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. याच लोकांनी मला निम्मं संगीत दाखवलं. राग असला तरी ते ऋण आहे.

हे सगळं आत्ता का? माझा भाचा पुण्यात एका बँडमध्ये बेस वाजवतो. मुलांनी दिवाळीच्या आसपास पहिला अल्बम काढला, नोकऱ्या सांभाळून, पदरचे पैसे घालून. त्यावर पंधरा सेकंदांची एक रील आली, ज्यात एक जण पाच सेकंद ऐकतो, हेडफोन काढतो आणि कॅमेऱ्याकडे बघून खांदे उडवतो. तिला जेवढे बघणारे मिळाले तेवढे अल्बमला मिळाले नाहीत. भाचा मला म्हणाला, 'मावशी, वाईट आहे तर आहे, पण कुठलं गाणं ऐकलं त्याने ते तरी सांगायचं ना.' त्याला मी पगांची गोष्ट सांगितली. मग त्याच्या अल्बमवर बसून दोन पानं लिहून दिली, त्यात निम्मी तक्रार होती. तिसऱ्या गाण्यात बेस आणि किक ड्रम एकमेकांच्या अंगावर पडतात, शब्द इतके मागे आहेत की मराठीत आहेत हेच उशिरा कळतं, वगैरे. तो दुसऱ्या दिवशी फोन करून तासभर भांडला. बेसचा मुद्दा त्याला मान्य नाही. बाकीच्यांना आहे.

तर आता 'पार्टी ट्रॉमॅटिक'बद्दल, जे २००८ मध्ये लिहायला हवं होतं ते.

अल्बम असमान आहे. ईपीवर जे धुरकट होतं ते बटलरने पुसून लख्ख केलं, आणि त्यात काही कमावलं, काही गमावलं. 'हरिकेन जेन' मला नव्या रूपात आवडत नाही. त्यातला एकटेपणा जुन्या मुद्रणातल्या पोकळीत होता. आता प्रत्येक वाद्य आपापल्या जागी चकचकीत उभं आहे आणि त्या माणसाला एकटं पडायला जागाच उरलेली नाही. उलट लांब नावाचं गाणं नव्या रूपात जास्त धावतं. मुलींच्या आरोळ्या इतक्या जवळून येतात की मत्सराला धार चढते, आणि बेस पोटात बसतो. ते गाणं मोठ्या स्पीकरसाठीच होतं, फोनवर ऐकताना मला ते कळलं नव्हतं. 'आयव्ह अंडरएस्टिमेटेड माय चार्म (अगेन)' हे साठच्या दशकातल्या मुलींच्या गानवृंदांना केलेलं वंदन आहे. रेजीचा गळा तिथे सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण त्या चालीत रडण्याची सोय आहे.

नव्या सहा गाण्यांत 'लिसन टू युअर बॉडी टुनाइट' चांगलं आहे, डिस्कोकडे सरळ झुकलेलं, बेसच्या जोरावर चालणारं. 'लुक ॲट मी' हे शेवटचं गाणंही मला हवंहवंसं वाटतं. ते निर्लज्जपणे लक्ष मागतं, आणि ते मागण्याचा त्यांना हक्क होता. मधली दोन-तीन गाणी मात्र घाईत लिहिलेली आहेत. विनोद तोच, सवाल-जवाबाची पद्धत तीच, आणि तिसऱ्यांदा ते ऐकताना लक्ष भरकटतं. चार गाण्यांत ताजी वाटणारी युक्ती दहा गाण्यांत पुरत नाही. त्यांना आणखी एक वर्ष मिळायला हवं होतं, कुणीही न बघता, कुणीही आकडे न देता. ते त्यांना कंपनीने दिलं नाही आणि आम्ही वाचकांनीही दिलं नाही, आम्हाला लगेच हवं होतं.

आधी ईपी ऐका, मग अल्बम. 'हरिकेन जेन' दोन्ही रूपांत लागोपाठ लावा, चांगल्या हेडफोनवर. माझं मत पटलं नाही तर कुठे पटलं नाही ते लिहा, मी उत्तर देईन.